माणसं मोजता, तर नळही मोजा



मागल्या महिन्यात सामूहिक वनहक्काच्या दाव्याचे कागद घेऊन आम्ही दहा-बारा जण खडवलीहून निघालो. सकाळची लोकल, फडक्यात बांधलेली भाकर, बरोबर दोन म्हातारे जबाबासाठी. दुपारपर्यंत एका कार्यालयाच्या बाहेर बाकावर बसून होतो. आत बोलावलं तेव्हा साहेबांनी नकाशा उघडला नाही. म्हाताऱ्यांचे जबाब वाचले नाहीत. एवढंच बोलले, "तुम्ही लोक वाढलात, जंगल काही वाढलं नाही. जंगलाची एक धारणक्षमता असते. तुमच्या हाती दिलं तर पाच वर्षांत डोंगर बोडका होईल."

आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "साहेब, हेच लिहून द्या." साहेबांनी घड्याळ बघितलं.

त्यांनी लिहून दिलं नाही, म्हणून आम्ही लिहितो. कारण हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. पूर्वी म्हणायचे, तुम्ही अडाणी. मग म्हणाले, तुम्ही अतिक्रमणवाले. आता म्हणतात, तुम्ही संख्येनं जास्त. शब्द शास्त्राचा आहे, म्हणून आपला माणूस गप्प बसतो. गप्प बसायचं कारण नाही. आमच्यातल्या बारावी झालेल्यांनी तो पुस्तकात वाचलाय, आणि पुस्तकात तो साहेब सांगतात तसा नाही.

धारणक्षमता म्हणजे काय? कणगी डोळ्यांपुढं आणा. कणगीत खायचं भात आहे आणि पुढल्या सालाचं बियाणंही आहे. बियाण्याला हात न लावता त्या कणगीवर किती तोंडं पोसतील, तो आकडा म्हणजे त्या कणगीची धारणक्षमता. जंगल, कुरण, नदी, सगळ्यांना हाच हिशेब. जेवढं नवं उगवतं तेवढं खाल्लं तर जंगल टिकतं. बियाणं खाल्लं तर संपतं. ही गोष्ट खरी आहे. ती आम्ही नाकारत नाही.

पण नीट बघा. ह्या हिशेबात दोन आकडे लागतात. किती तोंडं, हा एक. एकेक तोंड किती खातं, हा दुसरा. साहेब पहिलाच आकडा मोजतात. दुसरा मोजायची वेळ आली की घड्याळ बघतात.

ह्या विषयावर एक गोष्ट सगळीकडे सांगतात. अमेरिकेच्या अलास्काजवळच्या समुद्रात सेंट मॅथ्यू नावाचं एक बेट आहे. १९४४ साली तिथं २९ रेनडिअर, म्हणजे थंड मुलखातली हरणं, नेऊन सोडली. वाघ नाही, लांडगा नाही, खायला दगडफुलासारखा चारा भरपूर. हरणं वाढत गेली. १९६३ साली ती ६,००० झाली. चारा हळू वाढणारा, तो त्यांनी मुळापर्यंत खाल्ला. मग एक कडक हिवाळा आला. १९६६ साली मोजली तेव्हा ४२ उरली होती. ही गोष्ट सांगून झाली की आपल्याकडे बोट दाखवतात, बघा, तुमचं असं होईल.

आम्ही ही गोष्ट पाड्यावर सांगितली. सगळे शांत ऐकत होते. मग एका आजीनं विचारलं, "त्या हरनांना बाहेरून चारा आनता नाय आला?"

नाही आला, आजी. हीच तर गोष्टीतली खरी गाठ. हरणाला नळ टाकता येत नाही. हरीण रेल्वे बांधत नाही, ट्रक भरून दुसऱ्या बेटावरचा चारा आणत नाही. म्हणून त्याच्या बेटाचा हिशेब त्याच बेटावर मिटतो. जास्त झालं तर तेच मरतं.

आता दुसरं बेट बघा. मुंबई. तीही मुळात बेटंच, सात बेटांचा भराव करून केलेली. तिथं आज एका चौरस किलोमीटरवर जवळजवळ २० हजार माणसं राहतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईची संख्या १ कोटी २४ लाखांवर आहे. त्या बेटाची धारणक्षमता किती? बेटावरच्या विहिरी, बेटावरचं लाकूड, बेटावरचं भात एवढ्यावर किती माणसं जगली असती? ती कधीच संपली. पण मुंबईची माणसं त्या हरणांसारखी मेली नाहीत, कारण मुंबईनं हात लांब केला. १८६० साली विहार तलाव केला. तो पुरेना. १८९२ साली आपल्या शहापूर तालुक्यातलं तानसा धरण केलं. ते पुरेना. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर. मग अप्पर वैतरणा. मग आपली भातसा. आता मोखाड्यात मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी बेट भरलं, आणि प्रत्येक वेळी नळ आपल्या डोंगरात आणखी आत शिरला.

आज मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा हिस्सा एकट्या भातसाचा. धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच आपल्याकडे खाली येतं. पिसेच्या बंधाऱ्यावर ते उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मोठ्या नळांतून मुंबईला नेतात. आपल्या खडवलीच्या नदीवर शहरातली पोरं रविवारी पोहायला येतात आणि म्हणतात, काय पाणी आहे! पाणी आहेच. पण ज्या शहापूर तालुक्यात हे धरण आहे, त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघत बाया हंडे रांगेत लावतात. धरणाच्या भिंतीवरचे दिवे दिसतात, हंडा रिकामा.

आणि मापटं सरकारचंच बघा. वर्षानुवर्षं सरकारी मापदंड असा होता की खेड्यातल्या माणसाला दिवसाला ४० लिटर पाणी पुरे, शहरातल्या माणसाला १३५ लिटर पाहिजे. म्हणजे एका शहरी माणसाच्या पाण्यात आपली तीन माणसं बसायची आणि वर १५ लिटर उरायचे. हे ४० लिटरही आपल्या हंड्यात पडत नाहीत ती गोष्ट वेगळी. मग सांगा, गर्दी कुणाची? डोकी मोजली तर वेगळं उत्तर येतं, पाणी मोजलं तर वेगळं.

म्हणून आमचं म्हणणं एकच आहे. जंगलावर किती माणसांचा भार आहे ते मोजायचं असेल तर जंगलात राहणारी माणसंच मोजून चालणार नाही. जंगलातून घेणारी सगळी माणसं मोजा. शहापूर-मुरबाडच्या डोंगरावर फक्त कातकरी, ठाकर, महादेव कोळी जगत नाही. त्याच डोंगरावर अंधेरीचा फ्लॅट जगतो, दादरचं हॉटेल जगतं, कारखाना जगतो. त्यांची डोकी तिथं असतील, पण तोंडं इथं आहेत.

आता संख्येचंच बोलू, कारण त्यालाही आम्ही भीत नाही.

आपला ठाणे जिल्हा २००१ साली ८१ लाखांचा होता. २०११ साली १ कोटी १० लाखांचा झाला. तेव्हा देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा. दहा वर्षांत शंभराचे एकशे छत्तीस. पण वाढ कुठं झाली? २००१ ला जिल्ह्यात शंभरात जवळजवळ १५ आदिवासी होते, २०११ ला १४ राहिले. म्हणजे जिल्हा फुगला, त्यात आपला वाटा उलट बारीक झाला. ही गर्दी डोंगरावरच्या झापांतून खाली उतरली नाही. ती कल्याण-डोंबिवलीत, मीरा रोडला, वसई-विरारला आणि नवी मुंबईत आली. एकट्या कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०११ साली साडेबारा लाखांच्या आसपास माणूस होता.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. चाळीत राहणारा, लोकलला लटकून कामावर जाणारा माणूस आपला वैरी नाही. तोही कुठल्यातरी दुष्काळी गावातून, बुडालेल्या शेतीतून आलेला आहे. त्याच्याही नळाला दिवसाआड पाणी येतं. तरणतलावाचं आणि चाळीतल्या पिंपाचं पाणी सारखं मोजायचं नाही. आपलं भांडण माणसांशी नाही. जी व्यवस्था एकाला बाटलीनं मोजते आणि दुसऱ्याला टाकीनं भरून देते, तिच्याशी आहे. आणि जी वर आपल्यालाच धारणक्षमता शिकवते, तिच्याशी आहे.

ते म्हणतात, तुम्हाला पोरं जास्त होतात. १९९२ साली तेव्हा ह्याच जिल्ह्यात असलेल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणानं पोरं मेली, तेव्हा सगळ्या देशानं बघितलं. ज्या घरात पाळण्यातलं पोर पावसाळा काढेल की नाही ह्याची खात्री नसते, त्या घरात आई-बाप दोन पोरांवर थांबत नाहीत. पोरं जगायला लागली, पोरी शिकायला लागल्या, पोटभर मिळालं की घरं आपोआप लहान होतात. जगभर असंच झालंय. म्हणून संख्या कमी करायची असेल तर आधी अंगणवाडीत धान्य आणि दवाखान्यात डॉक्टर पाठवा. जमिनीवरून हाकलून संख्या कमी होत नाही. हाकललेला माणूस वीटभट्टीवर जातो, त्याची पोरं भट्टीवर वाढतात, आणि त्याच्या हातची वीट पुन्हा शहराच्याच भिंतीत बसते.

मग डोंगर बोडके कुणी केले? हेही विचारायला पाहिजे, कारण ते झालेत हे खरं आहे.

कल्याणला रेल्वे आली १८५४ साली. रुळांखाली स्लीपर लागले, शहरात घरं-गोद्यांना लाकूड लागलं. मग १८७८ चा जंगल कायदा आला आणि आपल्याच रानात आपण चोर झालो. भाताच्या राबासाठी झाडाचे टहाळे तोडायचे नाहीत, म्हणाले. राब भाजला नाही तर रोप कसं धरणार? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यात लोकांची इतकी ओरड झाली की इंग्रज सरकारला चौकशीसाठी कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ सालचा आहे. म्हणजे आपलं हे भांडण सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. तेव्हाही सरकार म्हणत होतं, तुम्ही झाडं संपवता. आणि तेव्हाही ट्रकच्या जागी बैलगाड्या भरून लाकूड कल्याणकडेच जात होतं.

स्वातंत्र्य आलं, कूपतोडणी चालूच राहिली. साग उभा राहिला तो सरकारचा, तोडला तो ठेकेदारानं, मजुरी आपली. कातकऱ्यांचा खैराचा कात बंद पाडला, तेव्हा कुणी खैर वाचवला नाही, धंदाच दुसऱ्याच्या हाती गेला. एकसाली प्लॉट दिले ते दरसाल पावती फाडून. उद्या आपलं असेल की नाही माहीत नाही, त्या जमिनीवर कोण बांध घालील, कोण आंबा लावील? ज्याला मुक्कामाची खात्री नाही त्याला रस्ता झाडायला सांगू नका.

आजचं बघा. मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण बांधायला घेतलं, शहरांच्या पाण्यासाठी. सुमारे हजार हेक्टर जंगल त्यात जातं. जंगलाची मंजुरी हातात नसताना काम सुरू झालं. लोकं लढली, कोर्टात गेली, आणि २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयानं काम थांबवलं. आता हिशेब करा. वनहक्क कायद्यात एका कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर मिळू शकतात. मिळतात किती ते तुम्हाला माहीत आहे, गुंठ्यात मोजायचं. पण चार हेक्टर धरले तरी हजार हेक्टरात अडीचशे कुटुंबं पिढ्यान् पिढ्या जगतात. तिथं धरण घालताना धारणक्षमतेची आठवण कुणाला झाली? ती आठवण फक्त आपला दावा टेबलावर आला की होते.

आता साहेबांना सांगायचं झालं, आता आपल्या घरातलं बोलू. कारण जो दुसऱ्याचा हिशेब मागतो त्यानं आपली वही उघडी ठेवली पाहिजे.

आपल्या जुन्या माणसांना धारणक्षमता हा शब्द माहीत नव्हता, पण ती पाळत होती. वरकस जमिनीवर दोन-तीन साल नागली-वरी घ्यायची आणि मग जमीन निजू द्यायची. राबाला ऐनाचे टहाळे घ्यायचे, बुंध्याला कोयता लावायचा नाही. कंद खणला तर वेलाचं टोक पुन्हा मातीत ठेवायचं. मोहाचं झाड कुणी तोडलं तर सगळा पाडा त्याच्याशी बोलायचा बंद. पाड्यावरची तीच आजी म्हणाली, "आमी फांदी घेताव, झाड नाय घेत." सगळं शास्त्र एका ओळीत.

आज हे सगळं तसंच राहिलंय का? खरं बोला. जमीन कमी झाली, म्हणून वरकस आता निजत नाही, दरसाल नांगर लागतो. काही ठिकाणी ऐनाचे नुसते खुंट उरलेत, कारण टहाळे दरवर्षी त्याच झाडाचे. आपलीच काही पोरं रातच्याला टेम्पोवाल्याला ओली लाकडं देतात, शंभर-दोनशे रुपयांसाठी. वलगणीला अंड्यांनी भरलेली मासळी वर चढते, तेव्हा पूर्वी खायपुरती धरायचे. आता ओढा बांधून सगळी उपसतात, आणि काही जण पाण्यात औषध टाकतात. हे कणगीतलं बियाणं खाणं आहे. ते पोटासाठी होतं हे आम्हाला माहीत आहे. पण पोटासाठी झालं तरी बियाणं जातंच.

आणि जमिनीचं? कलम ३६-अ १९७४ साली आलं, आदिवासीची जमीन परवानगीवाचून बिगरआदिवासीला जाऊ नये म्हणून. तरी आपल्याच भागात कोऱ्या कागदावर अंगठे घेतले जातात, आणि दोन सालांनी तिथं फार्महाऊसचं फाटक उभं राहतं, आत हिरवळीला बारा महिने पाणी. अंगठा देणारा आपला, मध्ये फिरणारा दलालही पुष्कळदा आपला. ह्यावर पुढच्या अंकात नावानिशी नाही, पण गावानिशी बोलणार आहोत.

साहेब म्हणतील, बघा, स्वतःच कबूल करता! म्हणूनच जंगल आमच्या ताब्यात ठेवा. नाही साहेब. उलट आहे. हे बिघडलं ते आमच्या हाती होतं म्हणून नाही, आमच्या हातून काढलं म्हणून. जे सगळ्यांचं म्हटलं आणि राखायचा हक्क कुणालाच दिला नाही, ते सगळे ओरबाडतात. १९६८ साली अमेरिकेतल्या गॅरेट हार्डिन नावाच्या प्राध्यापकानं लिहिलं की सामायिक कुरण संपणारच, कारण जो तो आपलं एक जास्त जनावर सोडणार. जगभरच्या साहेबांनी ते पाठ केलं. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या बाईंनी खरोखर काय घडतं ते तपासलं, स्वित्झर्लंडची कुरणं, नेपाळचे पाट. त्यांना दिसलं की जिथं लोक आपले नियम आपण करतात, राखण आपण करतात, मोडणाऱ्याला दंड आपण करतात, तिथं सामायिक गोष्ट शेकडो वर्षं टिकते. त्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच २००९ साली आपल्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. ते जंगल कुठं पळून गेलं नाही. गावच ते राखतं.

आणि कायदा काय सांगतो तेही ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही की पाड्यात माणसं जास्त असली तर हक्क मिळणार नाही. तानसासारख्या अभयारण्यातसुद्धा माणसं आणि वन्यप्राणी एकत्र राहूच शकत नाहीत हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि वर ग्रामसभेची लेखी संमती लागते. कलम ५ तर जंगल, प्राणी, पाण्याचे झरे राखायचा अधिकार ग्रामसभेलाच देतं. साहेबांचं तोंडी वाक्य हा कायदा नाही. दावा फेटाळायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर साठ दिवसांत वर दाद मागता येते. म्हणून कुणीही कार्यालयातून "नाही" ऐकून रिकाम्या हातानं घरी येऊ नये. कागद मागा.

आता काम. पुढच्या अमावास्येपर्यंत प्रत्येक पाड्यानं एक वही करायची. शंभर पानी वही पुरे. त्यात लिहायचं: किती घरं, किती जनावरं. आठवड्याला किती मोळ्या चुलीसाठी येतात आणि किती विकायला जातात, हे दोन्ही वेगळं. मोह, करवंद, शेवळी, कारवी कुठून, कधी घेतो. कुठला उतार थकलाय. मग ग्रामसभेत बसून ठरवायचं: कुठला उतार तीन साल बंद, ओलं लाकूड विकणाऱ्याला काय दंड, वलगणीला ओढ्याचा कुठला भाग सोडायचा. बायकांनी ह्यात पुढं बसायचं, कारण मोळी आणि हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो. शिकलेल्या पोरांनी लिहायचं, म्हाताऱ्यांनी सांगायचं.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर दुसरा हिशेब लिहायचा. तुमच्या शिवारातून शहराकडे काय जातं? किती नळ, किती रेतीचे, खडीचे, मातीचे ट्रक. नाक्यावर एक दिवस बसा आणि मोजा. दोन्ही हिशेब एकाच वहीत, शेजारी-शेजारी.

ती वही घेऊन आपण पुन्हा त्याच कार्यालयात जाणार आहोत, ह्या वेळी दहा-बारा नाही. पहिलं पान उघडून सांगू, हे आमचं घेणं, आणि हे आम्ही घातलेलं बंधन. मग शेवटचं पान उघडू आणि विचारू, साहेब, हे तुमच्या शहराचं घेणं. ह्याच्यावरचं बंधन कुठल्या वहीत आहे?

माणसं मोजता ना? मोजा. आम्ही रांगेत उभे राहतो. पण मग नळही मोजा.

जिंदाबाद!